शनिवारी चारला, येतो

१

आमच्या दुकानात वेळ चुकल्याच्या तक्रारी बऱ्याच येतात. कोणाच्या मुलाने गेममध्ये फुकटचे चान्स मिळवायला तारीख पुढे ढकललेली असते. कोणाचा फोन भावाने दुबईहून आणलेला असतो आणि तो अजून दुबईतच असल्यासारखा वागत असतो. सेटिंगमध्ये जायचं, 'आपोआप'चं बटण चालू करायचं, फोन परत द्यायचा. एवढंच काम असतं.

जयवंतदादा अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे ढकलतो. दुकान त्याचं आहे, भांडुप स्टेशनपासून जरा आत. "घड्याळजी, तुझं गिऱ्हाईक," असं ओरडून तो परत मोबाइलवर क्रिकेट बघायला लागतो. मला लोकांशी बोलायला जमत नाही हे त्याला माहीत आहे. नववीत शाळा सोडल्यापासून मी इथे आहे. हातात फोन असला की मला फोनकडे बघत बोलता येतं, तेवढं बरं असतं.

मालनकाकी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी फोन हातरुमालात गुंडाळून आणला होता.

"ह्याचा शनिवार बिघडलाय रे," त्या म्हणाल्या.

"वेळ चुकते का?"

"वेळ बरोबर आहे. बाकीचे वारही बरोबर आहेत. शनिवार तेवढा चुकतो."

दादा मागून हसला. मी कॅलेंडर उघडलं. सगळा महिना रिकामा होता. फक्त दर शनिवारच्या चौकोनात एक निळी पट्टी होती आणि तिच्यावर एकच शब्द होता. 'येतो'.

"माझ्या मुलाने घातलंय ते, मुकुलने," काकी म्हणाल्या. "चार वाजताचं आहे. आता सकाळीच वाजतं, साडेनवाला. मी हातातलं टाकून दार उघडते, तर कोण नाय."

फोनचं घड्याळ ठीक होतं. मग मी त्या नोंदीच्या आत गेलो. प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा टाइम झोन देता येतो, बहुतेकांना हे माहीत नसतं. ह्या नोंदीत वेळ चारचीच होती. पण टाइम झोनच्या जागी लिहिलं होतं, 'ऑकलंड'.

"हे न्यूझीलंडचं गाव आहे, काकी. तिकडे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळ असते. मी आपला टाइम झोन टाकतो." मी यादी उघडून 'कोलकाता' निवडलं.

"कोलकाता कशाला? आपण भांडुपला राहतो."

"सगळ्या देशाला यादीत तेवढं एकच गाव आहे."

"बघा काकी," दादा म्हणाला, "मुंबईला कोण विचारत नाय, भांडुपचं काय घेऊन बसलात."

पट्टी सरकून चार वाजता जाऊन बसली. काकींनी ती बोटाने एकदा दाबून बघितली, फोन परत रुमालात गुंडाळला आणि "येते हां" म्हणून गेल्या.

२

पुढच्या शनिवारनंतर त्या परत आल्या. माझ्यावर चिडल्या नव्हत्या. उलट जरा ओशाळल्यासारख्या होत्या, जणू बिघाड त्यांच्यातच होता.

"आता साडेअकराला वाजलं."

मला वाटलं, मीच सेव्ह करायला विसरलो असेन. नोंद उघडली. आत ऑकलंड नव्हतं आणि मी टाकलेलं कोलकाताही नव्हतं. 'ब्रिस्बेन' होतं.

असं आपोआप होत नाही. नोंदीचा टाइम झोन कोणीतरी बदलावा लागतो. मी कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये गेलो आणि मला उत्तर सापडलं. हे कॅलेंडर दोघांचं होतं. काकींचं आणि मुकुल नावाच्या खात्याचं. कोणी एकाने काही बदललं की दुसऱ्याकडेही बदलतं.

"काकी, तुमच्या मुलाच्या फोनवरून बदलतंय हे. ते कुठे असतात?"

"जहाजावर."

"मग बरोबर आहे. जहाज जसं पुढे सरकतं तशी वेळ बदलत असणार."

काकी काउंटरवरून पुढे झुकल्या. "सरकतं ना?" त्यांनी विचारलं. "इकडे की तिकडे?"

मी माझ्या फोनवर नकाशा उघडला. ऑकलंड, ब्रिस्बेन, आणि खूप डावीकडे आपण. "इकडे," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एवढा उजळला की मलाही बरं वाटलं. गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगणं मला क्वचित जमतं. मी परत कोलकाता टाकलं आणि त्या गेल्या.

दादाने क्रिकेट बंद केलं होतं. "येडा आहेस काय रे तू?"

"काय झालं?"

"तो मुकुल गेला गेल्या वर्षी. जहाजावरून पडला, तिकडेच कुठेतरी, पॅसिफिकमध्ये. कंपनीवाल्यांनी शोधलं म्हणे. बॉडी पण मिळाली नाय." त्याने मोबाइल काउंटरवर उलटा ठेवला. "आणि तू बाईला सांगतोस, इकडे येतोय."

३

मग दुसरा कोणीतरी माणूस असणार. मी दोन दिवस ह्याचाच विचार करत होतो. मुकुलचा फोन जहाजावर राहिला असेल, कोणीतरी उचलला असेल, त्याच्याकडून चुकून बदलत असेल. फोनवाल्याला असा विचार करायची सवय असते. कारण नेहमी असतं, फक्त ते सापडावं लागतं.

गुरुवारी दुपारी एक ताई आल्या. ऑफिसमधून परस्पर आलेल्या दिसत होत्या, गळ्यात कार्ड तसंच होतं. "सर्वेश तूच ना? मी गंधाली. मालन काळसेकर माझी आई."

मी मान हलवली.

"आई म्हणते, तू तिला सांगितलंस मुकुलदादा येतोय म्हणून."

मी समोरचा स्क्रू ड्रायव्हर सरळ करून ठेवला. "मला माहीत नव्हतं, ताई. सॉरी."

त्या रागवायला आल्या होत्या, पण त्यांच्या अंगात रागवण्याएवढी ताकद उरली नव्हती. स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं.

मग त्यांनी सांगितलं. टेंभीपाड्याच्या चढावरची त्यांची बिल्डिंग पाडणार होते. वडील मिलमध्ये होते, त्यांनी घेतलेली ती जागा. सगळे भाडेकरू दुसरीकडे राहायला गेले होते. दुसऱ्या मजल्यावर आता आई एकटी. महिनाअखेरीला पाणी तोडणार होते. गंधालीताईंचं घर बोरीवलीला होतं, आईसाठी खोली तयार होती, पण आई हलत नव्हती.

"म्हणते, त्याला हाच पत्ता माहीत आहे. तो शनिवारी चारला येतो. आधी नुसतं म्हणायची. आता फोनच तिला सांगतो म्हणे, जवळ येतोय. येत्या शनिवारच्या नोंदीत आता सिंगापूर झालंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू बदलतोस का हे?"

"नाही. आईशप्पथ नाही. त्यांचा फोन कोणाकडे तरी असेल."

त्यांनी पर्समधून एक फोन काढून काउंटरवर ठेवला. "हा दादाचा. बॅगेबरोबर परत आला. वर्षभर आईच्या कपाटात बंद पडून आहे."

मी तो उघडला. आत बॅटरी फुगून डब्यासारखी झाली होती. असा फोन चालू होऊच शकत नाही. फुगलेली बॅटरी ठेवणं धोक्याचं असतं, म्हणून मी ती तिथेच सोडवून वाळूच्या डब्यात टाकली. आता आत काहीच नव्हतं. पडदा, कॅमेरा आणि रिकामा खड्डा.

"ती नोंद काढून टाक तू," गंधालीताई म्हणाल्या. "मी काढली तर आई आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही. तू सांग, फोन बिघडला, त्यात गेली. तुझं ऐकते ती. तिला त्या घरात एकटी ठेवून मला झोप येत नाही रे."

मला खोटं बोलता येत नाही. बोललो की लगेच कळतं. तरी मी हो म्हणालो.

४

सोमवारी दुपारी मी बिल्डिंगवर गेलो. काकींनीच निरोप पाठवला होता, फोन दुरुस्त झाला, बघायला ये.

लोक घर सोडून जाताना दारं-खिडक्या काढून नेतात. विकतात किंवा नवीन घरात लावतात. त्यामुळे त्या जिन्यावरून जाताना दोन्ही बाजूंना नुसती भोकं होती. आतल्या भिंतींवर कॅलेंडरच्या जागी पांढरे चौकोन, देवघराच्या जागी काळपट डाग. माझ्या चपलांचा आवाज प्रत्येक खोलीत शिरून जरा उशिराने बाहेर येत होता. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एकच दार शिल्लक होतं, निळं. त्याच्यापुढे रांगोळीची चार बोटं.

"ये रे. बस." काकींनी चहा आणि कुळथाच्या पिठाची बिस्किटासारखी काहीतरी वडी दिली. "बघ, आता बरोबर चारला लागलंय. मी हात पण लावला नाय."

निळी पट्टी खरंच चारवर होती. मी नोंद उघडली. मला वाटलं होतं, कोलकाता असेल.

'कोलंबो' होतं.

श्रीलंकेचं आणि आपलं घड्याळ एकच आहे. म्हणून वेळ बरोबर दाखवत होतं. काकींच्या दृष्टीने दुरुस्ती झाली होती. जागा चुकीची आहे हे फक्त मला दिसत होतं. बॅटरी तर मी माझ्या हाताने काढली होती.

"काकी," मी फोनकडेच बघत विचारलं, "ह्यात 'येतो' असं का लिहिलंय? 'फोन करतो' किंवा नाव वगैरे नाही."

त्या हसल्या. "ती गंमत आहे. निघाला शेवटचा तेव्हा शनिवार होता. चार वाजले होते, खाली रिक्षा उभी. हा दारात थांबला, असा वर चौकटीला हात लावून. उंच ना तो. आणि म्हणतो, 'आई, जातो.' मी म्हटलं, मेल्या, किती वेळा सांगितलं तुका, जातो म्हणायचं नाय. येतो म्हण. तर म्हणतो, 'थांब, लिहूनच देतो तुला.' आणि तिथेच उभा राहून फोनवर ते टाकलंन. दर शनिवारी चारला. 'आता मी बोललो नाही तरी फोन बोलेल,' म्हणाला."

त्यांनी माझा कप उचलला. मला तेव्हाच नोंद काढून टाकता आली असती. त्या आत कप विसळत होत्या. मी काढली नाही. शनिवारी काढू, असं मनाशी म्हटलं.

"बरं काकी, जातो मी."

"झालं, तू पण तसलाच. येतो म्हण."

मुलुंडला मामाकडे राहतो मी. तिथे निघताना मी काही बोलत नाही आणि कोणी विचारत नाही. त्यामुळे मला ती सवयच नाही. "येतो," मी म्हणालो. जिना उतरताना उगाच बरं वाटत होतं. तिसऱ्या पायरीवर लक्षात आलं की हा शब्द निघतानाचा आहे. कोणी निघालं की म्हणतं. घरी पोचणारा माणूस दारात 'येतो' म्हणत नाही, 'आलो' म्हणतो.

५

शनिवारी दादाला सांगून साडेतीनला गेलो. गंधालीताईंचा दोनदा फोन येऊन गेला होता. "आज काढ हां. उद्या टेम्पो सांगितलाय मी."

ऊन होतं. खाली शाळेच्या पटांगणात मुलं खेळत होती. मी हे सांगतोय कारण नंतर मला वाटलं की तेव्हा अंधार असता तर मी स्वतःला काहीतरी समजावलं असतं.

काकींनी स्वच्छ साडी नेसली होती. गॅसवर दूध तापत होतं. ताटलीत घावणे झाकून ठेवले होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "बघ रे आज काय म्हणतो. मी जिन्याकडे उभी राहते. पायऱ्यांना कठडा नाय उरला, धडपडेल." आणि त्या गॅलरीत गेल्या.

मी नोंद उघडली.

टाइम झोनच्या जागी 'भांडुप' लिहिलं होतं.

मी यादी उघडली. वरून खाली, खालून वर. ती यादी मला जवळजवळ पाठ आहे. बांगुई आहे, बाकू आहे, बोगोटा आहे. भांडुप नाही. त्या जागी हाताने टाइप करता येत नाही, यादीतून निवडावंच लागतं. मी परत मागे आलो. भांडुप.

मग मी कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं. फोनने विचारलं, फक्त ही नोंद काढू, ही आणि पुढच्या, की सगळ्या. सगळ्या म्हटलं की झालं असतं. काकी बोरीवलीला गेल्या असत्या, ताईंना झोप लागली असती. कोणाचंच वाईट झालं नसतं. दारातून मला काकींची पाठ दिसत होती. जिन्याकडे तोंड करून, पदर सावरून, एक हात भिंतीला.

मी बोट उचललं. माझ्याने झालं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. चार वाजले होते. दोन वेळा टिणटिण झालं आणि थांबलं. पटांगणातली मुलंही गप्प झाली, किंवा मला ऐकू येईनाशी झाली. मी जिन्यावरच्या पावलांची वाट बघत होतो. काकीही तिकडेच बघत होत्या. जिन्यावर काहीच आवाज नव्हता.

गॅसवरचं दूध वर आलं असेल तर, असं वाटून मी आतल्या खोलीकडे बघितलं. गॅस बंद होता. घावण्यांवरचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं होतं.

काकींनीच ठेवलं असेल. मघाशी मी नीट बघितलं नसेल. असं म्हणत मी उठलो, फोन टेबलावर ठेवला, दाराबाहेर येऊन चपला घातल्या. मला तिथे थांबायचं नव्हतं.

"काकी," मी म्हणालो, "मी जातो."

"येतो म्हण."

आवाज पुरुषाचा होता. हळू, थट्टेचा. लहानपणापासून हेच ऐकून कंटाळलेला माणूस दुसऱ्याला म्हणेल तसा. आणि तो माझ्या मागून आला होता, त्या घरातून.

काकी वळल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून, जरा वर, त्या बघत होत्या. त्यांच्या चष्म्याच्या काचांवर ऊन होतं आणि उन्हात निळं दार बारीकसं दिसत होतं. दारापुढे मी होतो. माझ्या मागे, दाराच्या वरच्या चौकटीला एक हात होता.

मी मागे वळून बघितलं नाही.

"येतो," मी म्हणालो.

काकी माझ्या बाजूने घरात गेल्या. जाताना त्यांनी माझ्या दंडाला हात लावला, गर्दीत वाट काढताना लावतात तसा. दार लागलं.

६

मी पळून जायला हवं होतं. मी खाली जाऊन पटांगणाच्या भिंतीवर बसलो. कॅलेंडरमध्ये नोंद केली आणि शेवटची वेळ दिली नाही तर फोन आपला एक तास धरतो. मी तो तासभर बसलो. वरून काही ऐकू आलं नाही. एकदा भांड्याचा आवाज आला. एकदा कोणीतरी हसलं, पण ते शाळेतलं असेल.

पाचला काकी खाली आल्या. जिना हळूहळू उतरल्या, हातात एक पिशवी होती. डोळे लाल होते पण चेहरा शांत होता. ताप उतरलेल्या माणसाचा असतो तसा.

"गंधालीला फोन लाव रे. म्हणावं, येते मी. उद्याचा टेम्पो आजच मिळाला तरी चालेल."

मी फोन लावायला लागलो. विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं. "काकी, आणि ते?"

"गेला," काकी म्हणाल्या. "नीट सांगून गेला ह्या वेळी." पिशवी त्यांनी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मी पण त्याला नीट सांगितलं. नवा पत्ता."

७

बिल्डिंग पाडली. आता तिथे पत्रे लावलेत.

गंधालीताईंना मी खरं ते सांगितलं होतं, की नोंद मी काढली नाही. बाकीचं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे. आई आली ना." आईला तिकडे आवडतंय, बागेत मैत्रिणी झाल्यात, असं मध्ये एकदा त्यांनी कळवलं. नोंदीचं काय झालं ते मी विचारलं नाही. मुकुलचा फोन अजून आमच्या खणात पडलाय. दादा म्हणतो, पार्टला काढ. मी काढत नाही.

परवा शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ताईंचा फोन आला. त्या हळू बोलत होत्या, दुसऱ्या खोलीत कोणाला कळू नये असं.

"सर्वेश, आईने आज घावणे केलेत."

"हां, ताई."

"तुला एक विचारायचं होतं. तुमच्या त्या टाइम झोनच्या यादीत..." त्या थांबल्या. मागे कुठेतरी दूध उतू गेल्यासारखा आवाज आला आणि काकींची हाक ऐकू आली, पण ती हाक ताईंसाठी नव्हती.

"यादीत काय, ताई?"

"बोरीवली असतं का रे?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.